फिदेलिया मावशीचं वजन

आमच्या बेटावर मोटारी नाहीत. नवरीपासून बर्फापर्यंत सगळं गोल्फ कार्टमधून जातं, आणि माणूस मेलं की तेही. त्यामुळे ज्याच्याकडे कार्टचा ताफा, त्याच्या दारात सगळ्या गावाला कधी ना कधी यावंच लागतं. हा ताफा माझ्या नवऱ्याचा, विल्बर्थचा. हॉटेलांना कार्ट पुरवायच्या, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या, संध्याकाळी ओळीने चार्जिंगला लावायच्या. तो या कामात तरबेज आहे, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे.

त्याची एक युक्ती होती. एखाद्या कार्टची बॅटरी मंदावली की ती काढायची आणि सामान वाहायच्या एका जुन्या गाडीत घालायची. त्या गाडीतली बरी बॅटरी इकडे आणायची. असं करता करता साऱ्या ताफ्याचं दुखणं त्या एका गाडीत गोळा झालं. आम्ही तिला लंगडी म्हणायचो. सकाळी चार्जरवरून काढली की बॅटरीचा काटा पूर्ण भरलेला दाखवायची, आणि ओझं घेऊन ओल्या वाळूत शिरली की काटा आडवा व्हायचा. पाहुण्यांना ती कधीच दिली नाही. गावातलं कुणी मागायला आलं की मात्र विल्बर्थ मोठ्या मनाने म्हणायचा, "न्या की! घरचीच आहे. तुमच्याकडून भाडं कसलं घ्यायचं?" धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं कोण विचारणार? लोक गाडी न्यायचे, अर्ध्या वाटेवरून ढकलत परत आणायचे आणि वर आभार मानायचे.

फिदेलिया मावशी गेली ती ऐन गर्दीच्या दिवसांत. उत्तरेच्या वाऱ्याने पाऊस आणला होता, वाळूच्या रस्त्यांवर तळी साचली होती, तरी पाहुण्यांचा लोंढा चालूच होता. मावशी आमच्या नात्याची नव्हे. पण वादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा तिनेच आम्हाला घरात घेतलं, आपल्या टांगत्या झोळ्या आम्हाला झोपायला दिल्या आणि स्वतः फरशीवर निजली. अंगाने भरभक्कम बाई, आवाजानेही. आपल्या आकारावर सगळ्यांत आधी तीच हसायची. "माझ्या झोळीला होडीचा दोर लागतो," म्हणायची.

सकाळी तिचा नवरा, एलिओदोरो काका, हॅट छातीशी धरून आमच्या दारात उभा राहिला. जन्मभर मासेमारी केलेला माणूस, बोलणं कमीच.

"विल्बर्थ, बाळा, तिला न्यायला गाडी हवी होती. दुपारी, चर्चमधून दफनभूमीपर्यंत."

"काका, विचारायचं काय त्यात?" विल्बर्थने त्याला मिठी मारली. तो खरंच रडत होता. माझा नवरा दगड नाही, हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसंच वाटेल.

सामानाची आणखी एक गाडी होती आमच्याकडे. नवीकोरी, दमदार. पण त्या दुपारी समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात परदेशी पाहुण्यांचं लग्न होतं, आणि खुर्च्या, मांडव, फुलं सगळं तिच्यातून जायचं होतं.

"मावशीला नवी दे ना," मी म्हणाले. "खुर्च्या काय, लहान गाड्यांतून चार खेपा करून जातील."

"नेल्मी, ते हॉटेल आपल्याला वर्षभर काम देतं. चर्चपासून दफनभूमी ती किती लांब! आणि काटा बघ, पूर्ण भरलाय."

"तो काटा मला नको दाखवूस. मी काही पाहुणी नाही."

"अगं, मेलेलं माणूस तक्रार करत नाही, मॅनेजर करतो," तो म्हणाला आणि हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या दिवशी ती कुठे गेली होती कोण जाणे. मीच लंगडीवर पांढरी चादर अंथरली, कडेने फुलं बांधली. गाडी इतकी छान दिसायला लागली की क्षणभर मलाही पटलं, आपण काहीच वाईट करत नाही आहोत.

चर्चपासून निघालो. विल्बर्थ स्वतः चालवत होता, शेजारी काका, मागे शवपेटी आणि तिच्यामागे आम्ही सगळे. पाहुण्यांनी भरलेल्या खानावळींच्या रस्त्यावर एक मोठं तळं होतं. लंगडी त्यात शिरली, जराशी कण्हली आणि थांबली. विल्बर्थने पुन्हा पुन्हा पेडल दाबलं, गाडी ढिम्म. दोन्ही बाजूंनी लोक जेवत होते. कुणीतरी गाणं बंद केलं. एका पोरीने फोन वर धरला आणि तिच्या आईने तो खाली करायला लावला.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. आमची नवी गाडी! पांढऱ्या खुर्च्या रचलेल्या, बाजूला आमचंच नाव रंगवलेलं. पुढे काय आहे ते दिसताच चालवणाऱ्याने हॉर्नवरचा हात असा काढला, जणू चटका बसला. खुर्च्या उतरवून पेटी त्या गाडीत ठेवायला किती वेळ लागला असता? सगळ्यांची नजर विल्बर्थकडे गेली. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. आता म्हणेल, आता म्हणेल.

तो म्हणाला, "वजन जास्त झालं. वाळू ओली आहे ना."

कुणाचा तरी भाचा मागून पुटपुटला, "मावशीला ट्रकच हवा होता." रडता रडता काही जण फिसकन हसले. एलिओदोरो काका गाडीतून उतरला, पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "हो, जडच होती माझी. माफ करा, पोरांनो. खांद्यावर घ्यायला लागेल."

पुरुषांनी पेटी उचलली. विल्बर्थ खांदा द्यायला पुढे झाला तर काकाने हळूच त्याचा हात धरला. "तू गाडी बाजूला घे, बाळा. लग्नाची गाडी खोळंबलीय." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं मला तेव्हा झालं. आधी अंत्ययात्रा पुढे गेली, नंतर खुर्च्या, आणि आम्ही दोघं लंगडी ढकलत कडेला लागलो.

गावाला विषय मिळाला. जेट्टीवर, नाभिकाकडे, बेकरीत एकच बोलणं, गाडीला फिदेलिया पेलवली नाही. पोरंसोरं जाड माणूस दिसला की म्हणायला लागली, "याला चालतच जावं लागणार." मावशीची मुलगी एलोईसा बेकरीत हे ऐकून पाव न घेताच परतली. विल्बर्थ हे सगळं ऐकत होता आणि कार्ट पुसत होता. त्याला ते सोयीचंच होतं. बॅटरीचं कुणी नाव काढत नव्हतं. घरी मी त्याच्याशी बोलणं सोडलं, पण त्यात माझं शौर्य काय? बाहेर मीही गप्पच होते. चादर माझ्याच हाताने अंथरली होती ना.

मावशीसाठी नऊ दिवस जपमाळेची प्रार्थना चालली, तिची शेवटची संध्याकाळ मावशीच्याच अंगणात झाली. घरून निघताना मी विल्बर्थला एवढंच म्हणाले, "आज तू बोलशील, नाहीतर मी बोलेन."

प्रार्थना संपली. केळीच्या पानात शिजवलेले मक्याच्या पिठाचे तमाल वाढायला आले. एलिओदोरो काकाने पहिलं ताट स्वतःच्या हाताने आणून विल्बर्थच्या पुढ्यात धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या पोराने कामाच्या दिवशी गाडी दिली. देव त्याचं भलं करो. ओझं आमचंच जास्त झालं."

विल्बर्थ उठला. ताट त्याने हातात घेतलं.

"काका, मावशी जड नव्हती. मी खराब गाडी दिली. साऱ्या मेलेल्या बॅटऱ्या तिच्यात आहेत, मला माहीत होतं. चांगली मी लग्नाला दिली." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो."

एलोईसाने तोंडावर पदर घ्यावा तशी ओढणी घेतली. मला वाटलं, काका आता हात उगारेल. उगारला असता तर किती बरं झालं असतं!

"मला ठाऊक आहे ते," काका म्हणाला. "बर्फ आणायला मला तीच तर देतोस तू. तिचं कण्हणं मी लांबून ओळखतो."

"मग तुम्ही वजनाचं का..."

"तू बोललास म्हणून. चारचौघांत तुला खोटं कसं पाडू? तुझी मावशी असती तर तिने मला घरात घेतलं नसतं." त्याने विल्बर्थच्या हातातलं कललेलं ताट सावरून नीट धरलं. "मला राग नाही रे. फक्त दुपारी ती गाडी चर्चच्या दारात आली ना, तेव्हा वाटलं, तिच्यासाठी तरी आज दुसरी पाठवायची होतीस."

मग त्याने आम्हाला बसायला सांगितलं, गार होतंय म्हणाला. आम्ही बसलो आणि खाली मान घालून खात राहिलो. नको म्हणायला आम्हाला तोंड उरलं नव्हतं.