कुंतीमावशीचा पट्टेरी ऊस

चंद्रमोहन दूर समुद्रातल्या उसाच्या एका बेटावर, विमानतळावर, रोपांचा सरकारी तपासणीस होता. अकरा वर्षांत त्यानं लोकांच्या पिशव्यांतून कलमं, माती, आंब्याच्या कोयी काढून भट्टीत घातल्या होत्या आणि शिव्याही पोटभर खाल्ल्या होत्या. पण १९७९ च्या कार्तिकात कुंतीमावशी भारताची यात्रा करून उतरली, तेव्हा गडी विरघळला. आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. तिची टोपली उघडायची कशी? वाकून नमस्कार केला आणि टोपलीवर तपासल्याची खडूची खूण केली. भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी ग्रां बुआ गावच्या देवळात तुळशीचं लग्न होतं. तुळशीभोवती हातभर उसाच्या कांड्यांचा मांडव होता आणि ऊस होता तांबड्या पट्ट्यांचा. असला ऊस बेटावर होत नाही. पेरांजवळ बारीक भोकं दिसली, तशी चंद्रमोहननं एक कांडी उपटून चिरली. आत खोडकिड्याची अळी वळवळत होती.

"मावशी, हा ऊस कुठून आणलास?"

"आपल्या गावचा. आजा जिथून जहाजात बसला तिथला. तुळशीला माहेरचा ऊस नको व्हय?"

मंगलाष्टकं थांबली. देवळाच्या भिंतीपासून डोंगरापर्यंत गावाचा ऊस उभा होता. बेटावर नसलेली ही कीड त्यात शिरली असती तर खायचे वांधे होते. चंद्रमोहन मावशीकडं वळला.

"किती कांड्या होत्या?"

"सहा. पाच हितं, एक माझ्या परसात लावली, आल्या दिवशीच. मो गार्सों, माझ्या पोरा, खूण तर तूच केलीस."

"केली. चूक माझी आहे," तो सगळ्यांसमोर म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मांडव तिथंच जाळला. बायका रडल्या, भटजींनी तोंड फिरवलं. मग तो आणि मावशी तिच्या परसात गेले. कुंपणापलीकडं लगेच तिचा दीड एकर ऊस होता, तोडणीला आलेला. चंद्रमोहननं कांडी उकरून चिरली. भोक होतं, आत वाट पोखरलेली होती, अळी नव्हती.

"मग गेली कुठं ती?" मावशीनं विचारलं.

त्यानं कुंपणाकडं पाहिलं. "साहेबांना कळवतो. पण मावशी, हा ऊस आता जाळावाच लागंल. सगळा."

मावशीनं घरात जाऊन काड्यापेटी आणली आणि त्याच्या हातावर ठेवली.