आर्नीच्या हाताला न कळलेला मासा

मी साडेबारा फुटांची गळाची काठी बोलतेय. जोडून उभी केली तर घराच्या छपराला लागेन, म्हणून चार तुकडे करून मला नळकांड्यात ठेवतात. अंग काळ्या कार्बनचं, मूठ बुचाची. मूठही एक नाही, दोन. दोर गुंडाळायच्या रिळाच्या वर एक, खाली एक. मला दोन्ही हातांनी धरायचं असतं.

समुद्रात वाढून ऐन थंडीत नदीत परतणाऱ्या स्टीलहेड माशासाठी मला घडवलं. नदीत शिरल्यावर हा मासा फारसं खात नाही. पिसांची खोटी माशी त्याच्या नाकासमोरून हळूहळू फिरवत न्यायची. चिडला तर चावतो. बहुतेक वेळा चिडत नाही.

कारखान्यातलं मला फक्त भट्टीची ऊब आठवते. पुढे विल्माच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मी दोन हिवाळे भिंतीला टेकून होते. लोक यायचे, मला हलवून बघायचे आणि टोपी विकत घेऊन जायचे.

डिसेंबरात आर्नी लुंडक्विस्ट आला. सहासष्ट वर्षांचा, जन्मभर जंगलात लाकूड तोडलेला, करवतीच्या आवाजाने अर्धा बहिरा झालेला. सोबत बायको, मार्लिस. त्याचे कॅन्सरचे उपचार संपून चार महिने झाले होते.

"एका हाताची काठी आता झेपत नाही," तो विल्माला म्हणाला. "खांदा दुखतो."

विल्माने आधी साडेतेरा फुटी काढली. "मोठ्या नदीला बरी. पण दिवसभर हिच्याशी कुस्ती खेळावी लागेल."

मागच्या अंगणात आर्नीने ती एकदाच फिरवली. ती हातातून सुटून खडीवर पडली.

"मूठ ओली होती," तो म्हणाला. मूठ ओली नव्हती.

मग अकरा फुटी आली. "हिने फार तर जळमटं निघतील," आर्नी म्हणाला आणि ठेवून दिली.

मग मी. त्याने मला दोनदा मागेपुढे केलं आणि खाली ठेवलंच नाही. विल्माने तेवढ्यावरून ओळखलं.

"आता दोर," ती म्हणाली. "थंडीत पुढचा भाग आखूड नि जाड असलेला घे. जड माशी तोच ओढून नेतो. मागे झाडी असली तरी पाण्यावरच वळसा घेऊन सुटतो. जाड भाग संपून बारीक लागला की फेकायचं. बघ बरं, कुठे संपतो ते."

आर्नी चाचपत राहिला. तो जोड त्याच्या बोटांखालून दोनदा निघून गेला.

"त्याला कळत नाही," मार्लिस म्हणाली. "औषधांनी बोटं बधिर झालीत. पायसुद्धा. खांद्याला काही झालेलं नाही."

"मार्लिस!"

"काय मार्लिस? परवा तव्यावर हात ठेवून उभा होता. वास आला तेव्हा मला कळलं. याला नाहीच."

 विल्माने तो दोर परत घेतला आणि दुसरा आणला. त्याचा जाड भाग नारिंगी, बारीक काळा. "बोटांचं काम डोळ्यांना दे," ती म्हणाली. हात घसरू नये म्हणून माझ्या मुठीवर तिने रबरी पट्टी गुंडाळली. शेवटी एक जुन्या धाटणीचं रीळ काढून फिरवलं. ते असं करकरलं की गल्ल्यावरचं मांजर उठून गेलं.

"मासा ओढेल तेव्हा हे बोंबलेल. हाताला नाही तर कानाला कळेल."

"कान तरी कुठे धड आहेत!" मार्लिस म्हणाली. आर्नी हसला. त्या दिवशीचं तेवढंच हसू.

जानेवारीत आम्ही नदीवर जाऊ लागलो. मार्लिस ट्रकमध्ये काच खाली करून विणत बसायची. एकेचाळीस वर्षं ती अशीच बसत आली होती. तिने कधी माशाला हात लावला नव्हता. आर्नी मांडीभर पाण्यात उभा राहायचा. नारिंगी संपला की फेकायचा, माशी वाहत काठाशी आली की एक पाऊल पुढे. पुन्हा तेच. पाऊस पडत असायचा. दोघं जेवायच्या वेळी थर्मासमधलं सूप प्यायची.

मला एक सांगायचं आहे. त्या महिन्यात चार मासे आले होते. दोर न ओढता नुसते टोचून गेले, दाराला बोट लावावं तसे. माझ्या टोकापासून मुठीपर्यंत ते मला लख्ख कळलं. आर्नीचे हात माझ्यावरच होते. तो समोरच्या काठाकडे बघत होता. चारही वेळा मासा निघून गेला आणि तो म्हणाला, "आज काही नाही."

पाचवा मासा वळला आणि त्याने दोर खेचला. रीळ ओरडलं. पण पाण्याचा खळखळाट होता, डोक्यावर पावसाची टोपी होती. आर्नी तसाच उभा. ट्रकचं दार आपटलं.

"आर्नी! वाजतंय! अरे बहिऱ्या, वाजतंय!"

त्याने खाली पाहिलं. रीळ गरगर फिरत होतं. मग मात्र त्याला काही शिकवावं लागलं नाही. वीस मिनिटांनी मासा काठाच्या उथळ पाण्यात आला. रुपेरी मादी होती, हातभर लांब. पाठीवर शेपटीजवळचा छोटा पर शाबूत होता, म्हणजे नदीतच जन्मलेली; माणसांनी वाढवून सोडलेल्यांचा तो कापलेला असतो. अशीला पाण्यातून न उचलता सोडायचं असतं.

आर्नीने मला खडकाला टेकवलं, हातमोजे काढले, वाकून तिची शेपटी धरली. तसाच राहिला.

"मार्लिस," तो म्हणाला, "इकडे ये."

"पायात साधे बूट आहेत माझ्या."

"ये ना."

ती बुटांसकट पाण्यात उतरली. त्याने तिचा हात धरून माशाच्या अंगाखाली ठेवला.

"कसं लागतंय, सांग."

"थंड आहे."

"ते माहितीये. अजून?"

मार्लिसने तळहात पसरला. "थरथरतोय," ती म्हणाली. "आतून. गाडी चालू ठेवून उभी केली की पत्रा थरथरतो ना, तसा. आता जोर येतोय... आता जाईल बघ."

मासा गेला. आर्नीचे हात पाण्यातच होते.

"गेला का?" त्याने विचारलं.

"गेला."

"बरं," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात मासे फार थोडे परतले, म्हणून फेब्रुवारीत नदी बंद केली. आता वसंत सरत आला आहे. आर्नीला आता फार वेळ उभं राहवत नाही; तो पायऱ्यांपाशी खुर्ची टाकून बसतो, पायावर गोधडी घेऊन. मार्लिस मला जोडते आणि गवतावर नुसता दोर फेकून बघते.

"कोपर खाली," तो ओरडतो. "गालिचा झटकतेयस का?"

"तू गप बस. मी शिकत नाहीये, नुसती धरून बघतेय."

पुढच्या थंडीत नदी उघडेल का, खुर्चीत कोणी असेल का, मला ठाऊक नाही. मला वाट पाहता येते, बोलता येत नाही. तुम्हाला येतं, म्हणून एवढंच मागते. दोर थरथरला तर मोठ्याने सांगा. शेजारी उभ्या असलेल्याला ते कळलेलं असेलच असं नाही.