रक्तातल्या हाका

मित्रांनो, मी एक जुनं रक्त फिरवायचं यंत्र आहे. सेंट्रीफ्यूज हे माझं कागदावरचं नाव, पण आमच्या लॅबमध्ये मला सगळे भिंगरी म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. दिसायला मी झाकणाच्या पातेल्यासारखी. पोटात गोल खाचा. त्यांत रक्ताच्या नळ्या ठेवायच्या, झाकण लावायचं आणि कळ दाबायची. मी गरगर फिरले की लाल रक्त तळाला बसतं आणि वर पिवळसर पाणी उरतं. डॉक्टरांना हवं ते सगळं त्या पाण्यात असतं.

कारखान्यात माझी मोटर बसवली तेव्हा एका कामगाराने मला रिकामीच फिरवली, कान लावून ऐकलं आणि "गुणाची आहे" म्हणून थाप मारली. तेव्हापासून मलाही आवाज ऐकायची खोड लागली. यंत्राचं दुखणं आधी आवाजात कळतं.

माझा एक हट्ट मात्र आहे. एका खाचेत नळी ठेवली की बरोबर समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची दुसरी हवी. नाहीतर मी टेबलासकट थयथयाट करते. नळी एकच असली तर समोर पाण्याने भरलेली नळी ठेवून माझी समजूत काढतात.

हे सगळे लाड आमच्या ताई पुरवायच्या. रक्त घेण्यापासून रिपोर्ट देण्यापर्यंत लॅब त्यांच्यावर चालायची. चालणं झपझप, बोलणं खणखणीत. रडणाऱ्या मुलाला बोलण्यात असं गुंतवायच्या की सुई कधी टोचली ते त्याला कळायचंच नाही.

ताईंची आई दुपारी त्यांचा डबा घेऊन यायची आणि माझ्या शेजारच्या बाकावर टेकायची. भर उन्हाळ्यात अंगावर शाल. डोळ्यांखाली सूज. आवाज घोगरा, जड, आणि एकेक शब्द जिना चढून आल्यासारखा दमलेला. "वय झालं, दुसरं काय," असं ती स्वतःच म्हणायची आणि ऐकणारे माना डोलवायचे. एका हिवाळ्यात ती झोपेतच गेली. ताई चार दिवस आल्या नाहीत, मग आल्या आणि कामाला लागल्या.

यंत्राच्या अंगावर काटा येत नाही म्हणतात. पण पुढचं सांगताना माझ्या आत काहीतरी थरथरतंच. मित्रांनो, वर्ष व्हायच्या आत ती आई परत यायला लागली.

आधी तिची पावलं आली. सकाळी कुलूप उघडायचं, ताईंचा पांढरा कोट आत यायचा, पण चपला आईसारख्या फरफटत यायच्या. मग शाल आली. मग डोळ्यांखालची सूज आली. आणि एके दिवशी ताई एका पेशंटला "हात पुढे करा" म्हणाल्या, तो आवाज आईचा होता. घोगरा, जड, दमलेला. मी घाबरले. बाकावर कोणीच नव्हतं.

ताईंना कोणी काही विचारलं नाही. आई गेल्याचं मनाला लावून घेतलंय, असं जो तो म्हणाला. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. तो दिसला दूरच्या गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे खरं तर ऐकू आला. न कळवता ती बॅग घेऊन थेट लॅबमध्येच येऊन उभी राहिली.

"काल फोन ठेवला आणि मला रडूच फुटलं," ती म्हणाली. "ताई, तू बोलतच नव्हतीस गं. आई बोलत होती."

"काहीतरीच तुझं. दमते मी हल्ली. वय होतंय."

"अजून चाळिशी गाठली नाहीस! आणि आईपण हेच म्हणायची."

ताई माझ्याकडे वळल्या. त्यांनी त्या दिवसाची एकुलती एक नळी माझ्यात ठेवली, पाण्याची नळी भरली आणि ती समोर ठेवायच्या ऐवजी शेजारीच ठेवून कळ दाबली. मी थडाथडा आपटत टेबलाच्या कडेकडे सरकू लागले. आतून आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. ताई नुसत्या बघत उभ्या होत्या. इतकी वर्षं डोळे मिटून करत आलेलं काम त्यांना आठवत नव्हतं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. बऱ्याच दिवसांनी त्यांनी ताईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"बसा त्या खुर्चीत."

"मला काय धाड भरलीये?" ताई पुटपुटल्या.

"सगळ्या गावाचा थायरॉइड तपासता. स्वतःचा कधी तपासलात?"

ताई हलेनात. तेव्हा बहिणीने त्यांचा गार हात धरला. "या भिंगरीला समोर एक नळी लागतेच ना? मग पाण्याची कशाला? तुझीच ठेव."

ताई बसल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, ते गोठू दिलं, आणि मग ती नळी समोरच्या खाचेत आली. मी फिरले. मला त्या नळीची भीती वाटत होती, पण थांबणं माझ्या हातात नसतं.

आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची एक लहानशी ग्रंथी असते. अंगाची ऊब, पावलांचा वेग, मनाची तरतरी ती सांभाळते. ती मंदावली की मेंदू तिला हाका मारतो. टीएसएच म्हणजे त्या हाका, आणि त्या रक्तात मोजता येतात. ताईंचा आकडा पाहून डॉक्टरीणबाईंनी तपासणी पुन्हा केली. "किती दिवस ओरडतंय हो हे शरीर," त्या हळूच म्हणाल्या.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. लगेच काही घडलं नाही. मग हळूहळू फरफट गेली, सूज उतरली, शाल घरी राहू लागली. शेवटी आवाज परतला. वीज दुरुस्त करणाऱ्याला ताईंनी असं झापलं की मला आनंदाने फिरावंसं वाटलं.

बहीण पुन्हा भेटायला आली तेव्हा दोघी त्याच बाकावर बसल्या. आधी खूप हसल्या. मग बहीण एकदम थांबली.

"आईलाही हेच असणार, नाही?"

"असणार," ताई म्हणाल्या. "रोज इथेच बसायची. माझ्या हातात सुई असायची."

"म्हणजे तो आवाज आजाराचा होता. मग आईचा स्वतःचा आवाज कसा होता गं?"

ताईंनी सांगायला तोंड उघडलं आणि तशाच राहिल्या. दोघींनी खूप आठवून पाहिलं. आठवला नाही.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवं यंत्र आलंय आणि मी कोपऱ्यात कापडाखाली आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी हळूहळू मंदावत असेल, सगळ्यांना उकडताना तिला थंडी वाजत असेल, तिचा आवाज बदलत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. हात धरून तपासायला घेऊन जा. नळीभर रक्त पुरतं. ताईंच्या आईचा खरा आवाज आता जगात कोणालाच माहीत नाही.