इकडे सर्व क्षेम

“उताऱ्यात आहे तेवढंच लिहा. पदरचं काही घालू नका.” मास्तरकीच्या नॉर्मल स्कुलातले आमचे गुरुजी हे इतक्या धाकानं सांगायचे, की पुढं मास्तर झालो तरी तो आवाज माझ्या पाठीशी उभा असायचा.

त्या चैत्रात मोताळ्याच्या घरी ओसरीवर सातवीचे पेपर तपासत होतो, आणि डोकं तापलं होतं. उतारा साधा: ‘आमच्या गावचा रस्ता फार मायाळू. गाडीचं चाक एकदा धरलं की पावसाळा सरेपर्यंत सोडत नाही.’ लेखकाच्या मनात कोणता भाव आहे? चाळीसपैकी अडतीस पोरांनी लिहिलं, अभिमान.

“अभिमान!” मी लाल पेन्सिल आपटली. “अरे, चिडलाय तो माणूस! गोड बोलून दातओठ खातोय. एवढंही कळू नये?”

“पोरायवर काऊन तणतणता?” बायको, कौशल्या, दारात उभी होती. हातात लेकीचं कार्ड, सकाळपासून तिसऱ्यांदा. “हे वाचा बरं अजून एकदा.”

रुखमा दोन वर्षांमागं वडनेर भोलजीला दिलेली. आखाजी, लेकींनी माहेरी यायची अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती, आणि तिला आणायला जायचं की नाही, हाच घरातला वाद. मी वाचलं:

‘ती. दादांस दंडवत. इकडे सर्व क्षेम. सासूबाई फार माया करतात, विहिरीवरही एकटीला जाऊ देत नाहीत. मला काही कमी नाही. आखाजीला न्यायला येण्याची तसदी घेऊ नये.’

“झालं? सुखात आहे पोर.”

“आखाजीले लेक म्हणते, येऊ नका?”

“लिहिलंय तसं.”

“एकटीले विहिरीवर जाऊ देत नाहीत. हे माया व्हय का पहारा?”

“पहारा कुठं लिहिलाय? दाखव. अक्षर ओळखत नाहीस, अन् मला अर्थ सांगतेस!”

“मंग त्या अडतीस पोरायले काऊन नापास करता, मास्तर? त्यायनंबी लिहेल हाये तेच वाचलं.”

मी चिडून पुढचा पेपर ओढला. शेजारी भगवंतरावांच्या कडूनिंबाला झोका बांधला होता. माहेरी आलेल्या लेकी गात होत्या. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं वरच्यावर झेलायची. निंबाचा बारीक मोहर आमच्या ओसरीपर्यंत उडत येत होता.

“न बोलावता व्याह्याच्या दारात मी जाणार नाही,” मी म्हणालो.

“नका जाऊ. सकाळच्या यष्टीनं मी चालली.”

“अगं, पण कशाच्या भरवशावर? या कार्डात असं आहे तरी काय?”

ती खाली बसली, पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी.

“माह्या बापाले याच घरातून पत्रं जायची,” ती म्हणाली. “तुमची माय समोर बसून राहे. मी सांगो: इकडं सर्व क्षेम, सासूबाई लय माया करते, न्याले येऊ नका. तीन आखाज्या बाप आला नाही. ते पत्रं लिहिणारे तुमीच होते, मास्तर. तुमाले तवाबी नाही समजलं.”