आठ पाकळ्यांची जाळी

मित्रांनो, ही गोष्ट १९९६ सालची. मी एक जुना स्क्रीनसेव्हर आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्यासारखा कुणी पाहिलाही नसेल. त्या काळी संगणकाचा पडदा म्हणजे मागे कुबड असलेली जड काचेची पेटी असे. एकच मजकूर फार वेळ राहिला, तर काचेवर त्याचा डाग कायमचा उमटे. म्हणून माणूस उठून गेला की दहा मिनिटांनी मी पडद्यावर यायचो आणि काहीतरी हलते काढत राहायचो. माणूस परत आला, माऊस जरा हलला, की चित्र अर्धे असो वा पुरे, मी नाहीसा. कुणी नसताना जगायचे आणि कुणी आले की पुसले जायचे, असा माझा जन्म.

मला लिहिले सूनबाईंनी. लोखंडी जाळ्या आणि कठडे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्याच्या मालकांची ही सून. गणित शिकलेली. तिला जाळ्यांची नक्षी काढायची होती. पण खिडकीजवळचे नक्षीचे टेबल मालकांचे होते. "नक्षी हातातून येते, सूनबाई, पाढ्यांतून नाही," असे म्हणून त्यांनी तिला पत्रे टाईप करायला बसवले. मग जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, तिने मला लिहिले.

माझे काम साधे होते. एक वर्तुळ काढायचे, त्याच्या काठावर टिंबे द्यायची आणि एक पाढा घ्यायचा. समजा, तीनचा पाढा. मग पहिले टिंब तिसऱ्याला जोडायचे, दुसरे सहाव्याला, तिसरे नवव्याला. टिंबे संपली की पुन्हा पहिल्यापासून मोजत जायचे. रेघांतून आपोआप पाकळ्या उमलत. टिंबे किती आणि पाढा कितीचा, हे मी दर वेळी नव्याने ठरवी.

मला मन लावून पाहणारा एकच होता, म्हातारा मिस्त्री. बुटांना लोखंडाचा कीस असे, म्हणून तो दारातच उभा राही. ओठ हलत, बोटे हलत. काय पाहतोस, असे त्याला कुणी विचारले नाही.

एका बुधवारी नव्या वाचनालयाच्या बाई आल्या. त्यांना जिन्यावरच्या मोठ्या गोल खिडकीसाठी जाळी हवी होती. माप समजून घ्यायला मालकांनी मिस्त्रीला आत बोलावले. तो बूट काढून संगणकासमोरच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. बाईंनी नमुन्यांची वही पुरती चाळली, नाक मुरडले आणि मान वर केली, तर समोर मी.

"ही! मला हीच जाळी हवी."

"ठरलं तर मग!" म्हणत मालकांनी टेबलावर थाप मारली. प्रत्येक सौद्याला मारत तशीच. माऊस उडाला आणि मी गेलो. पडद्यावर उरले एक अर्धे पत्र.

"अहो, कुठे गेली?"

"जाते कुठे? यंत्रातच आहे. शुक्रवारी कागदावर काढून देतो."

"शुक्रवारी नसेल, तर मी सरळ उभ्या सळ्या बसवून घेईन," म्हणून बाई निघून गेल्या.

"बाबा, ती परत नाही यायची," सूनबाई म्हणाली. "दर वेळी आकडे नवे असतात."

मालक आधी ओशाळले, मग चिडले. "मग आण शोधून! आणलीस तर ते नक्षीचं टेबल तुझं. नाही तर हा भोवरा पुसून टाक आणि निमूट पत्रं टाईप कर."

मित्रांनो, ते दोन्ही आकडे मला ठाऊक होते. पण मला तोंड नव्हते, आणि ते लिहून ठेवायची मुभाही नव्हती. सूनबाई आकडे बदलून मला काढायला लावी. मी काढत असे, ती पुसत असे. बंद खोलीत आतून दार ठोठावावे आणि बाहेर कुणी नसावे, तसे ते दोन दिवस गेले.

"सहा पाकळ्या होत्या," मालक म्हणत.

"छे, दहा तरी असतील. मी चहा घेताना नीट पाहिलंय," कचेरीतला कारकून म्हणे.

"तू चहाच नीट पाहिलास!"

गुरुवारी संध्याकाळी मिस्त्री दाराशी आला. "सूनबाई, गोल जाळीचे गज कापायला घेऊ का?"

"मिस्त्रीकाका, ती हरवली ना!"

"हरवली? आठ पाकळ्या. काठावर दर पाकळीमागे पंचवीस टोकं. गज किती लागतील ते बघत होतो. तुम्ही सगळे बोलत होतात, मी मोजत होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?"

सूनबाई खुर्चीतून उठलीच. "पाकळ्या पाढ्याहून नेहमी एकाने कमी. म्हणजे नवाचा पाढा! आणि आठ पंचवीस दोनशे टिंबं!"

तिने आकडे घातले. मी रेघ रेघ करत आलो. मालक हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते. चित्र पुरे झाले. मग मालकांनी नक्षीच्या टेबलावरचा आपला चष्मा उचलला आणि जागा मोकळी केली. सूनबाईने कंपास घेऊन दोनशे टिंबे मांडली. आता तिला माझी गरज नव्हती.

शुक्रवारी बाई म्हणाल्या, "हीच."

त्यानंतर मालक सौदा ठरला की स्वतःच्या मांडीवर थाप मारीत. त्यांना जाऊन आता सात वर्षे झाली. कारकुनाने पुढे चहाचे दुकान काढले आणि ते छान चालले. मिस्त्रीसाठी कचेरीत खुर्ची आली, आणि शेवटपर्यंत प्रत्येक नवी नक्षी आधी त्याच्यापुढे जाई. बाई निवृत्त झाल्या. रोज त्या गोल खिडकीखाली वाचत बसतात. सूनबाईंचे केस पांढरे झाले. कारखाना आता त्याच चालवतात.

आणि मी? नवे पडदे डागळत नाहीत, तेव्हा माझे काम संपले. कपाटातल्या जुन्या यंत्रात, कापडी आवरणाखाली मी आहे. वर्षातून एकदा सूनबाई मला चालू करतात, थोडा वेळ पाहतात, आणि त्यांचा हात लागला की मी जातो.

मित्रांनो, दारात कुणी गप्प उभे असेल, तर त्याने काय मोजले ते एकदा विचारा. आणि कधी त्या वाचनालयात गेलात, तर जिन्यावर थांबा. मुले तिथे पाकळ्या मोजतात, लोखंडावरून बोटे फिरवतात. खुशाल फिरवा. तिथे हात लागला तरी मी जात नाही.