साळुबाईच्या दारचं पाणी

मढ मागं पडलं आणि रस्ता माळशेजकडं निघाला की एक मोठं वळण लागतं. त्या वळणाच्या पोटात साळुबाईचं घर होतं, आणि त्या वाटेच्या ड्रायव्हर लोकांना तिचं नाव माहीत नसलं तरी तिचा रांजण सगळ्यांना माहीत होता. पाणी बाटलीत भरून विकतात, असं त्या काळी त्या वाटेवर कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. कल्याणकडून घाट चढून आलेल्या गाड्या धापा टाकत तिथं उभ्या राहायच्या, इंजिनाला पाणी पाजलं जायचं, आणि मग माणसं पडवीतल्या बाकड्यावर टेकायची. साळुबाई तांब्या भरून पुढं करायची, पिणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघत राहायची, आणि तांब्या रिकामा झाला की विचारायची, "अजून देऊ का, पावणं?"

घर ख्रिस्ती. त्या सगळ्या पट्ट्यात तेवढं एकच. साळुबाईच्या सासऱ्याचा सडत चाललेला पाय मिशनच्या कुणा डॉक्टरणीनं वाचवला होता, तेव्हा घरात प्रभू आला तो आला. म्हणून ती गावाला परकी होती असं मुळीच नाही. भातलावणीला चिखलात पहिली उतरायची ती साळुबाई, आणि बाळंतिणीच्या उशाशी जागायची तीही साळुबाईच. सकाळी उठली की चुलीपुढं गुडघे टेकायचे, अंगण झाडताना गीत म्हणायचं, आणि भाकरीचा तुकडा मोडायच्या आधी डोळे मिटून आभार मानायचे. ते आभार एवढे लांबायचे की शेजारची कोंडाबाई आपल्या उंबऱ्यातून ओरडायची, "अगं, आटप की! देवाला घाई न्हाई, पर कालवण गार झालं त्याचं काय?"

नवरा जानकू याच रस्त्यावर मैलकुली होता. खड्डे बुजव, दरड कोसळली की दगड बाजूला कर, असं करता करता एका उन्हाळ्यात तापानं गेला. त्याच्या जागेवर पोराला घेतो, असं साहेब म्हणाले. पोरगा म्हणजे शांतवन. नावाला तेवढा शांत. गाव त्याला शांत्याच म्हणायचं. घरात शिरताना आईला हाळी मारायचा, "राणीसाहेब, पाणी!" आणि चार कामं सांगितली की तोंडावर पालथा हात धरून हसत पसार व्हायचा. बापाच्या जागेचं नाव काढलं की मात्र त्याचं डोकं फिरायचं. "मला रस्त्यावरनं जायाचंय, आये. रस्त्यावर ऱ्हायाचं न्हाई," म्हणायचा. एक दिवस मायलेकरांची चांगलीच जुंपली, आणि भर दुपारी तो भाजीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. साळुबाई तांब्या घेऊन धावली. राग राहिला बाजूला, पण उन्हात निघालेल्या पोराला तोंड ओलं केल्याशिवाय कशी जाऊ देईल? त्यानं मान फिरवली. ट्रक वळणाआड गेला, आणि भरलेला तांब्या तिच्या हातातच राहिला. ते साल एक्क्याण्णव. नंतर ना पत्र, ना निरोप. ट्रकवाल्यानं एवढंच सांगितलं, की पोरगा भिवंडीत उतरला तो परत गाडीवर आलाच नाही.

जुन्नरच्या चर्चचे पाळकसाहेब महिन्याकाठी एसटीनं यायचे आणि पडवीत उपासना घ्यायचे. मंडळी म्हणजे आता साळुबाई एकटी, आणि शेजारी कोंडाबाईच्या शेळ्या. त्यांनी तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाले, "साळुबाई, नुसती तोंडानं प्रार्थना करू नका, हातानंही करा. दारात तहानलेला आला की त्याला पाणी द्या. ते प्रभूलाच पोचतं. आणि देताना त्याच्या तोंडाकडं नीट बघा. तिथं प्रभू दिसेल."

साळुबाईला ते मनोमन पटलं. दुसऱ्याच दिवशी तिनं पडवीत रांजण मांडला, हापशावरून खेपा घालून तो भरला, आणि गुडघे टेकून म्हणाली, "बापा, मी हितं दारात येईल त्याला पाणी देते. तू तिकडं माझ्या लेकराला कुणाच्या तरी दारात पाणी मिळू दे." इथवर सगळं ठीक होतं. पण आईचं मन ते, तेवढ्यावर थांबतंय होय! उठता उठता तिनं हळूच पुढं जोडलं, "आन त्या तोंडात तू न्हाई दिसलास तरी चालंल. माझा शांत्या दिसू दे. जरासा, चिमूटभर." आमेन म्हणून ती कामाला लागली.

पाऊस सरता सरता पिकल्या मिशांचा एक ड्रायव्हर आला. नगरकडचा असावा. घटाघटा पाणी प्याला, उरलेले थेंब झटकले आणि तांब्या बाकड्याच्या कडेला पालथा घालून ठेवला. साळुबाईच्या काळजात लक्कन हललं. लहानपणी पेल्यात मुंगळा निघाला होता, तेव्हापासून शांत्या रिकामं भांडं कधी उताणं ठेवायचा नाही. बाकड्यावर कडेला, पालथं, अगदी असंच. ड्रायव्हर निघून गेला तरी ती त्या तांब्याकडं बघत बसली, आणि मग एवढी हसली, एवढी हसली, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

पुढं ते येतच राहिलं. कापड विकणारा फेरीवाला हसला तो तोंडावर पालथा हात धरून. मुंबईचा एक किडकिडीत माणूस धबधबे बघायला आला होता, त्याच्या डाव्या भुवईत विटीदांडूच्या घावाची ती तेवढीच खाच, शांत्याला होती तशी. जंगल खात्याचा गार्ड निघता निघता उपासनेतलं एक गीत गुणगुणला. ते गीत त्याच्या कानावर जायचं काही कारण नव्हतं. गुणगुणला तेही शेवटच्या ओळीत सूर चढवायच्या जागी उतरवून, जसं शांत्या उपासनेत म्हणायचा आणि पाळकसाहेबांची बोलणी खायचा. तिकडं घाटातून धुकं वर यायचं, सगळं वळण गिळून टाकायचं. धुक्यातून आधी नुसता गाडीचा आवाज यायचा, मग पिवळा दिवा, मग माणूस; आणि साळुबाई तांब्या घेऊन उभी असायची, आज लेकराचं काय येतंय म्हणून. ते दिवस तिचे सुखाचे होते. चोरून घेतलेलं सुख असलं तरी सुखच.

"आज त्याचं हसू येऊन गेलं गं," ती कोंडाबाईला सांगायची.

"येतंय तर! उद्या माझ्या बोकडात बी तुला शांत्या दिसंल," कोंडाबाई म्हणायची, पण म्हणताना तिच्या पाठीवरून हात फिरवायची. "तुझा देव लई पाणी पितो बाई. तुझी कंबर जायची त्याच्यापायी."

वर्षं गेली. रस्ता रुंद झाला, साळुबाईचे केस पिकले. मग कधीतरी तो पिकल्या मिशांचा ड्रायव्हर पुन्हा आला. पाणी प्याला आणि तांब्या सरळ उभा ठेवून उठला.

"पावणं, पालथा घाला की," साळुबाई म्हणाली. "मागल्या खेपंला घातला व्हता."

"मी? न्हाई बा," तो म्हणाला. "मला तसली सवयच न्हाई."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की जे आलं ते एकदाच आलं. फेरीवाला नंतर कितीदा तरी हसला, पण तोंड उघडं टाकून. गार्डाला गीताचं विचारलं तर तो खुळ्यासारखा बघत राहिला. त्याहून वाईट पुढं झालं. प्रार्थनेला डोळे मिटले की तिला शांत्या दिसायचा, रोज दिसायचा. पण हल्ली तो हसताना तोंडावर हात धरत नव्हता. भुवई साफ होती. बळेच आठवायला जावं, तर त्या खाचेच्या जागी मुंबईच्या त्या किडकिडीत माणसाचा चेहरा येऊन बसायचा. साळुबाईच्या मनात आलं, इथं जे येतंय, ते कुठून तरी कमी होत असेल तर? एवढ्या वर्षांत हा प्रश्न आपल्याला कसा पडला नाही, म्हणून तिनं कपाळावर हात मारून घेतला.

पाळकसाहेब आता थकले होते, काठी टेकत यायचे. "दिसतो का प्रभू, साळुबाई?" त्यांनी विचारलं.

"दिसतो, साहेब," ती म्हणाली. त्यांच्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. त्या दिवशी तिला घास गिळवेना.

शेवटी एका उन्हाळ्यात तिनं मन घट्ट केलं. रांजणावर पाट ठेवला, आत गेली आणि कडी लावून घेतली. बाहेर गाड्या थांबल्या, हॉर्न वाजले, माणसं कुरकुरत निघून गेली. प्रत्येक वेळी तिच्या जिवाची तगमग व्हायची. तहानलेला दारातून परत गेला, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. दुपार कलता कलता लहान मूल रडल्याचा आवाज आला. मूल टाहो फोडत होतं. साळुबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले, मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागली, पण मुलाचं रडणं काही थांबेना. मग दाराशी एक बाईमाणसाचा दमलेला आवाज म्हणाला, "राणीसाहेब, पाणी!"

तिनं कडी काढली. कशी नाही काढणार? रस्त्याच्या कामावर आलेली कुणी परमुलखातली बाई होती, कडेवर सुकलेलं पोर. पोर प्यालं, बाई प्याली, आशीर्वाद देऊन गेली. साळुबाई उंबऱ्यातच बसली. आता यायचं काही उरलं नाही, हे तिला आतून कळलं होतं. आणि खरंच, त्यानंतर कुणाच्याच तोंडात काही दिसलं नाही. पाणी ती देतच राहिली, पण तोंडाकडं बघायचं तिनं सोडून दिलं.

दोन हजार तीनचा मे महिना. ऊन मी म्हणत होतं. साळुबाई आत शेंगा निवडत होती, तोच कोंडाबाईची आरोळी आली, "साळे! अगं साळे, भाईर ये! शांत्या आला गं तुझा!"

वळणावरून एक माणूस चालत येत होता. चाळिशीला टेकल्यासारखा दिसणारा, उन्हानं रापलेला. कोंडाबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होती. तिला काही शंकाच नव्हती. चाल तीच, अंगलट तीच, जानकूचं नाक. "माय-लेक बसा जरा, मी साखर आणते," म्हणत ती लगबगीनं आपल्या घरात गेली.

"आई," तो माणूस म्हणाला.

शांत्यानं तिला कधी नुसतं आई म्हटलं नव्हतं. साळुबाईनं त्याच्या डाव्या भुवईकडं पाहिलं. सलग, काळीभोर भुवई. तो हसला, तेव्हा हात मांडीवरच होता. तिनं त्याला हृदयाशी धरलं, त्याचा खांदा भिजेपर्यंत रडली, आणि सारा वेळ तिचे डोळे त्याच्या अंगावर काहीतरी ओळखीचं शोधत होते.

"कुठं व्हतास रं एवढी वर्सं?"

"लई गावं फिरलो. पर एक सांगू? तहानलेला कुठं ऱ्हायलो न्हाई. कुणाच्याबी दारात उभा ऱ्हायलो की कुणीतरी तांब्या भरून आणायचंच. आन माझ्या तोंडाकडं बघत बसायचं." त्यानं भुवईवरून बोट फिरवलं. "पाणी पिऊन निघालो की मातूर वाटायचं, काय तरी मागं ऱ्हायलं. खिसं चाचपायचो. खिशात सगळं असायचं."

साळुबाई उठून रांजणापुढं उभी राहिली.

"आता ध्यानात म्हणशील तर हे वळण ऱ्हायलंय, हे घर, आन तू. म्हटलं, बाकी जाऊ दे, एकदा जाऊन यावं." तो रांजणाकडं बघत होता. "पाणी दे की. फाट्यापास्नं चालत आलोय."

"च्या टाकते," ती घाईनं म्हणाली. "न्हाईतर दूध देते. कोंडाबाईकडं ताजं असंल."

"न्हाई. पाणीच दे," तो म्हणाला. "त्या दिवशी तुझ्या हातचं घेतलं न्हाई मी. तेवढं डोक्यातनं जात न्हाई."

बारा वर्षं ती ज्यासाठी झुरली ते हेच. पोरानं आपल्या हातचं घोटभर पाणी प्यावं. तिनं रांजणावरचं झाकण काढलं, तांब्या भरला. भरताना निम्मं पाणी पडवीत सांडलं. बापा, तुझ्या मनात असंल तसं, ती मनातल्या मनात म्हणाली, पर एवढ्या डाव माझं बघणं माफ कर. तांब्या पुढं केला आणि प्रार्थनेला मिटतात तसे डोळे गच्च मिटून घेतले, तोंडाकडं बघायचंच नाही म्हणून. घोट जाताना ऐकू येत होते. तो सावकाश, पोटभर प्याला.

डोळे उघडले तेव्हा तांब्या बाकड्यावर सरळ उभा होता आणि तो आपले खिसे चाचपत होता.

कोंडाबाई मुठीत साखर घेऊन आली आणि तिनं ती त्याच्या तळहातावर ओतली.

"कशाची साखर, मावशी?" त्यानं विचारलं.

पोरगं चेष्टा करतंय असं वाटून कोंडाबाई खळखळून हसली. साळुबाईनं रिकामा तांब्या उचलला आणि पोटाशी धरला.

"माझा ल्योक आलाय, पावणं," ती म्हणाली.

त्याला मनापासून आनंद झाला. "लई बरं झालं, बाई," म्हणत त्यानं साखर तोंडात टाकली, घराच्या आत डोकावून पाहिलं, मग वळणापर्यंत नजर टाकली.

"कुठं हाय?"