हवेवरची सांबारवडी

एअर फ्रायर तळत नाही. त्याच्या झाकणाखाली विजेची एक तार तापते, तिच्यामागचा पंखा ती उष्णता जाळीच्या टोपलीभोवती वेगाने फिरवतो, आणि पदार्थाच्या पृष्ठभागावरचे पाणी उडून तो खरपूस होतो. थोडक्यात, ती एक लहान, घाईत असलेली भट्टी आहे. हे मी माझ्या सासऱ्यांना यंत्र घरी आले त्याच दिवशी सांगितले होते.

"मंग त्याले तळायची मशीन काहून म्हनतेत?" खुशालरावांनी विचारले.

"विकायला सोपं जातं, बाबा."

"व्हय. तेल नाही, पन नाव तेलाचं." त्यांना विनोद सापडला होता आणि पुढे तीन वर्षे त्यांनी तो सोडला नाही.

पहिल्या झटक्यानंतर हृदयाच्या धमनीत जाळी बसवून ते दवाखान्यातून परतले, तेव्हा डॉक्टरांनी तळलेले पदार्थ बंद केले होते. मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. एवढ्या पात्रतेवर बाबांचा आहार माझ्याकडे सोपवण्यात आला. माझे पती किशोर म्हणाले, "तुलाच कळतं त्यातलं." आई, म्हणजे माझ्या सासूबाई गोदाबाई, यांनी मान डोलावली.

मी सर्व पदार्थ करून पाहिले. भरताचे वांगे उत्तम भाजले जाते. कणकेचे रोडगे आत मऊ आणि बाहेर कडक होतात, फक्त गोवरीच्या धुराचा वास येत नाही. पापड पंख्याच्या झोताने उडून वरच्या तारेला चिकटतो. त्यावर जाळी ठेवावी लागते. भजी अशक्य आहेत, कारण ओले पीठ घट्ट होण्याआधीच टोपलीतून खाली गळते. उरली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खुशालरावांचा जीव की प्राण. बेसनाच्या पारीत कोथिंबीर, खसखस आणि सुक्या खोबऱ्याचे सारण भरून मी ती वडी ब्रशने तेल लावून यंत्रात ठेवत असे. रंग बरोबर येई.

"कशी झाली?"

"सूनबाई, हे वडी नाही. हा वडीचा फोटू हाय," ते म्हणत आणि सगळ्या वड्या संपवत.

त्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल मात्र उतरले नाही. मी दोनदा तपासणीची प्रयोगशाळा बदलली. उपकरणात दोष असू शकतो, रक्त घेण्याची वेळ चुकलेली असू शकते, अशा सर्व शक्यता मी विचारात घेतल्या. गेल्या हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले.

अकोल्याहून त्यांच्या धाकट्या बहीण सुंदराबाई आल्या. आमच्या घरातल्या रीतीभातींवर शेवटचा शब्द त्यांचाच असतो. सांत्वनाला आलेल्या बायकांत बसून त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माया भाऊ पंगतीत बसला का वाढनारा दमे. त्याले शेवटी हवेवर ठेवलं बाई यायनं. हवेवर."

बायकांनी माझ्याकडे पाहिले. गावात वाक्य कसे फिरते हे मला माहीत आहे. आठवडा उलटण्याच्या आत आमच्या गल्लीत मी सासऱ्याला तरसवून मारणारी सून झाले होते. गल्लीचे मी सहन केले असते. पण एका सकाळी किशोर सदऱ्याची बटणे लावताना आरशाकडे पाहत म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस तरी द्यायला हवं होतं, रागिणी." त्यांनी मागे वळून पाहिले नाही. त्या क्षणापासून मला एकच गोष्ट हवी होती: या माणसाने ते वाक्य परत घ्यावे.

आमच्याकडे सुतकात कढई चढत नाही, काही तळत नाहीत. ती तेरवीलाच चढते. दशक्रियेच्या आदल्या दिवशी कावळ्यासाठीच्या पानाचा विषय निघाला. पानावर गेलेल्याच्या आवडीचे वाढतात, आणि खुशालरावांच्या आवडीचे सर्व तळलेले.

"मशिनीत कर," सुंदराबाईंनी निकाल दिला. "ते का कढई हाय? हवा हाय ते. हवेले सुतक नसते."

म्हणून पानावरच्या सांबारवड्या मी एअर फ्रायरमध्ये केल्या.

वलगावला पेढी नदीच्या काठी दुसऱ्या दिवशी विधी झाला. आमच्या आधी दोन घरांचे विधी उरकले होते आणि कावळे बाभळीवर पोट भरून बसले होते. पान ठेवले. कावळा येईना. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन मेलेल्या माणसाला वचने द्यायला सुरुवात केली. आईला अंतर देणार नाही, झाले. रिद्धपूरच्या यात्रेला जाऊन येऊ, झाले. कावळा चोच पुसत होता.

"अरे कसा येईन तो?" सुंदराबाई ओरडल्या. "तळलेलं हाय काय त्या पानावर? जितेपनी हवा, मेल्यावर बी हवाच!"

काल ते तळलेले नव्हते म्हणून सुतक वाचले. आज ते तळलेले नव्हते म्हणून आत्मा अडकला. दोन्ही विधाने परस्परांशी सुसंगत आहेत. तर्क म्हणून त्यांत मला चूक काढता आली नाही.

किशोर पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, ते मशीन घरात राहणार नाही. शब्द देतो." लोक माझ्याकडे पाहत होते. कावळा हलला नाही.

तेव्हा गोदाबाई उठल्या. पिशवीतून त्यांनी स्टीलचा एक चपटा डबा काढला, पानाजवळ बसून उघडला आणि त्यातल्या चार चकल्या पानावर ठेवल्या. तेलाने डब्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. आईंना वाट द्यायला माणसे मागे सरकली होती आणि ती मागेच राहिली. पानाभोवती मोकळी जागा झाली. कावळा उतरला, एक चकली उचलली आणि उडाला.

बायका रडू लागल्या. सुंदराबाईंनी मातीवर डोके टेकले. "पाह्यलं? पाह्यलं? तेलासाठी अडकला होता माया भाऊ!"

सर्वांनी कावळा पाहिला. डबा कोणी पाहिला नाही. दहा दिवस ज्या घरात कढई चढली नाही आणि तीन वर्षे जिथे तळण बंद होते, त्या घरात तेलात तळलेल्या चकल्यांचा डबा होता. तो कोणासाठी होता, हे विचारायला रसायनशास्त्राची गरज नव्हती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी विचारले, "आई, तो डबा कोणाचा?"

त्या तांदूळ निवडत राहिल्या. "त्यायचाच. पलंगाखाली राहे. तू कालेजात गेली का मी करून ठेवो. चकल्या, कधी वड्या. मले म्हनत, सूनबाईले नोको सांगू, तिचं मन मोडते."

"तीन वर्षं?"

"मंग का करू? डोये लावून बसे माणूस. लेकरावानी."

"मग हे किशोरना सांगा. ते म्हणतात, मी बाबांना तरसवलं."

गोदाबाईंनी ताटातला एक खडा उचलला आणि बराच वेळ बोटांत धरून ठेवला. "अन् मंग तो मले का म्हनीन? मीच मारलं म्हनीन ना."

ते अनुमान चुकीचे नव्हते.

"तुले का होते वं पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "तू शिकेल हायस. तू सकाळची घराबाहेर जातस. मी कुठी जाऊ?"

"मी सांगितलं तर?"

"सांग." त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "तुले आता कोन खरं मानते? कावळ्यानं सांगतलं ना सगळ्यायले."

मी तरीही त्या रात्री किशोरना विचारले, तो डबा कुठून आला असेल असे त्यांना वाटते. "आईने शेजारून मागून आणला असेल," ते म्हणाले, "तिला कळलं, बाबांना काय हवं ते." आणि ते कूस बदलून झोपले.

तेरवीच्या दिवशी कढई चढली. आमच्या रीतीने पहिली पुरी थोरली सून सोडते. एअर फ्रायर आदल्या दिवशीच भंगारवाल्याकडे गेला होता. किशोर माझ्यामागे उभे होते, सुंदराबाई चुलीसमोर, आणि गोदाबाई पुऱ्या लाटत होत्या. मी एकदा त्यांच्याकडे पाहिले. एक वाक्य पुरेसे होते. ते बोलायला याहून मोठी सभा त्यांना पुन्हा मिळणार नव्हती.

"बाबांना हेच हवं होतं, नाही का आई?" किशोरनी विचारले. 

गोदाबाईंचे लाटणे थांबले.

"व्हय बापा," त्या म्हणाल्या. "तरसून गेले रे ते."

लाटणे पुन्हा फिरू लागले. मी पुरी तेलात सोडली. ती तळाला गेली, वर आली आणि टम्म फुगली.

"पाहा कशी फुगली!" सुंदराबाई म्हणाल्या. "आता सुटला माया भाऊ."

किशोरनी ती पुरी ताटलीत घेतली आणि वडिलांच्या फोटोपुढे नेऊन ठेवली. गोदाबाईंनी वर न पाहता दुसरी पुरी माझ्या हातात दिली.